सूर्य गिळणाऱ्या डॉक्टरची बाजू

अकरा वर्षं मी खलनायकांची बाजू मांडली. वकील नव्हतो. फिरत्या टॉकीजच्या तंबूत पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून भोंग्यातून सिनेमाची गोष्ट सांगणं हे माझं काम. नायकासाठी मला कधी घसा कोरडा करावा लागला नाही. तो देखणा असायचा, लोक आधीपासूनच त्याच्या बाजूचे. खरी मेहनत दुसऱ्या माणसासाठी. तो वाईट का आहे, हे पटलं नाही तर आमच्या झाडीपट्टीतला माणूस तिसऱ्या रिळाला घोंगडी झटकून उठतो आणि घरी जातो. हे मी पाहिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळ्याला मिळून चांदा जिल्हाच म्हणत. धानाची कापणी आटोपली की आमचा तंबू मूल-सिंदेवाहीकडून निघायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. एक जुना ट्रक, तंबूचं कापड, बांबू, वीज तयार करणारं इंजन, आणि एकच प्रोजेक्टर. या 'एकच'मुळेच माझी नोकरी होती. मोठ्या शहरातल्या थेटरात दोन मशिनी असतात, एकीवरचं रीळ संपलं की दुसरी सुरू होते, पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे रीळ संपलं की पडदा पांढरा. मशीनवाला जुनं रीळ काढणार, नवं चढवणार, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पुढे सरकवणार. त्यात चार-पाच मिनिटं जायची. तेवढ्या वेळात दीडदोनशे माणसांना जागेवर धरून ठेवायचं, झालेलं समजावून सांगायचं आणि होणार असलेल्याची ओढ लावायची. शिवाय सिनेमा इंग्रजी असेल, नाहीतर शुद्ध हिंदी असेल, तर चालू रिळातही अधूनमधून बोलायचं.

मी मूळचा शाळामास्तर. तीन वर्षं शिकवलं, मग झाडीच्या नाटकांत पडद्याआडून संवाद सांगू लागलो, आणि आवाज ऐकून तंबूचे मालक नत्थूभाऊ यांनी मला उचललं. मास्तर हे नाव मात्र चिकटून राहिलं. मला इंग्रजी येतं असा नत्थूभाऊंचा समज होता. मी तो मोडला नाही. पडद्यावरचे लोक भरभर बोलत, मला दहातली तीन वाक्यं कळत, उरलेली सात मी माझी घालत असे. कुणाची तक्रार आली नाही. एका गावी तर पोलीस पाटलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, गोरे लोक बोलतेत मोठं गोड, पण तुमी बोलता ते जास्त खरं वाटते."

मशीन राजन्नाकडे होतं. राजन्ना सिरोंच्याचा, घरची भाषा तेलुगू, आमच्याबरोबर राहून मराठी शिकलेला. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, फार कमी बोलणारा. त्याच्या हाताला यंत्राची समज होती. फाटलेली फिल्म तो अशी जोडायचा की जोड पडद्यावर दिसत नसे. आधी कुठल्याशा कोळसा खाणीत होता, एवढंच मला ठाऊक.

त्या साली नत्थूभाऊंनी नागपूरहून एक विज्ञानाचा इंग्रजी सिनेमा आणला. सुरुवातीचा तुकडा फाटून गेलेला, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. आम्हीच नाव ठेवलं, 'सूर्यगिळ्या'. गोष्ट अशी: डोंगराच्या टोकावर काचेच्या घरात एक डॉक्टर राहतो. औषधाचा नव्हे, शास्त्राचा डॉक्टर. तो एक अजस्र यंत्र बनवतो. खटका ओढला की यंत्र आकाशातलं सगळं ऊन शोषून घेतं. भरदुपारी शहर अंधारात बुडतं, पिकं करपतात, गाई हंबरतात. मग एक तरुण वैमानिक अग्निबाणात बसून डोंगरावर जातो, डॉक्टरला त्याच्याच यंत्रात ढकलतो, ऊन परत येतं आणि नगराध्यक्षाच्या मुलीशी त्याचं लग्न लागतं. यंत्र पाहून तर नत्थूभाऊ खुळेच झाले. "असा सिनेमा या मुलखात कोनी आनला नाई," म्हणाले. खरंच होतं.

सिंदेवाहीला पहिला खेळ लावला. दोन रिळं लोक श्वास रोखून बसले. तिसऱ्या रिळात डॉक्टरने खटका ओढला, शहर काळंठिक्कर झालं, डॉक्टर हसला. रीळ संपलं. पांढऱ्या पडद्यासमोर मी सांगायला लागलो की, या दुष्टाला आता जगभरचं सोनं हवं आहे. पुढच्या रांगेतला एक शेतकरी उभाच राहिला.

"मास्तर, सूर्य बुजवला तं सोनं त्याले दिसन कसं?"

तंबू खदखदून हसला. हसले ते हसले, पण मग कुणी सिनेमा मनावर घेईना. शेवटच्या रिळापर्यंत निम्मा तंबू रिकामा.

पुढच्या मुक्कामी, गडचिरोलीला, मी कारण बदललं. डॉक्टरचं मन नगराध्यक्षाच्या मुलीवर बसलंय, ती मिळेना म्हणून त्याने सूर्य विझवला, असं सांगितलं. बायकांच्या बाजूने आवाज आला, "अजी, पोरगी पाहिजे तं पोरगी पळवावं! सूर्यानं त्याचं का केलं?" पुन्हा हसू. चामोर्शीला मी डॉक्टरचा भर सभेत अपमान करवला. तिथल्या शाळेतले एक वृद्ध गुरुजी खेळ संपल्यावर थांबून हळूच म्हणाले, "अपमान तर माझाही होते, महिन्यातून दोनदा. मी शाळेले जाळून नाई टाकत."

खरं म्हणजे सिनेमा बनवणाऱ्यांनीच डॉक्टरला काही कारण दिलेलं नव्हतं. तो वाईट होता कारण कुणीतरी वाईट असायला हवं होतं. शहरात ते खपत असेल. आमच्याकडे माणसं वाघालाही कारण विचारतात. वाघाने गाय मारली तर तो जखमी होता की म्हातारा, की कुणी त्याच्या वाटेत शिरलं, याची दोन दिवस चर्चा चालते. इतका शिकलेला माणूस विनाकारण सगळ्या जगाचं ऊन विझवतो, हे त्यांनी का म्हणून मानावं?

आष्टीला वैनगंगेच्या काठी नत्थूभाऊंनी मला बोलावून घेतलं. समोर महाशिवरात्रीचा मुक्काम होता, सिरोंच्याला. सबंध मोसमातला तो सर्वांत मोठा मुक्काम, गोदावरीपलीकडूनही लोक यायचे.

"मास्तर," ते म्हणाले, "सिरोंच्यात लोक उठून गेले तं या मुलखात आपला तंबू पुन्हा कोनी लागू देनार नाई. हा सिनेमा बसव. नाई बसला, तं तू आपल्या शाळेत वापस जा. मी रागानं नाई बोलून राह्यलो."

ते रागाने बोलत नव्हते, म्हणूनच मला धडकी भरली.

त्या दुपारी ट्रक निघायची वाट पाहत आम्ही नदीच्या रेतीवर बसलो होतो. राजन्ना भिंगं पुसत होता. मी त्याला सहज म्हटलं, "राजन्ना, माणसाला सूर्याचा राग कशानं येत असंल रे?"

त्याने हातातलं काम थांबवलं नाही. भिंग पुसून झालं, फडक्यात गुंडाळलं, मग म्हणाला, "मले आला होता एकदा."

आणि त्याने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ मल्लन्ना आणि तो, दोघं एकाच खाणीत होते. एका सकाळी आतलं छत बसलं आणि मल्लन्ना पलीकडे अडकला. दगडांच्या आडून लोखंडावर ठोकल्याचा आवाज यायचा. म्हणजे तो जिवंत होता. लोक खणत राहिले, राजन्नाही खणत होता. दुसऱ्या दिवशी ठोकणं थांबलं. चौथ्या दिवशी पाणी वाढलं आणि सगळ्यांना वर बोलावून घेतलं. भाऊ आतच राहिला.

"वर आलो," राजन्ना म्हणाला, "तं लख्ख ऊन. बाजार भरला होता. एक बाई वांगे निवडून राह्यली होती. मले वाटलं, हे ऊन काऊन पडून राह्यलं? आज तरी पडू नये ना."

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. एखाद्या भल्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी चौथं रीळ फिरू लागलं होतं. त्या रिळात डॉक्टर काचेच्या खिडकीशी उभा राहतो आणि उजेडाकडे पाहताना डोळ्यांवर हाताचा आडोसा धरतो. दोन क्षणांचं दृश्य, मी दहा वेळा पाहूनही कधी त्यावर बोललो नव्हतो. आता मला कळलं की गोष्ट तिथेच बांधता येते. आपण काहीही सांगू शकत नाही, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. सांगितलेलं पडद्यावरच्या कशालातरी चिकटलं पाहिजे, नाहीतर लोक पडद्यावर विश्वास ठेवतात, आपल्यावर नाही.

आलापल्लीला खेळ होता. सागवानाच्या डेपोतले मजूर, आसपासच्या पाड्यांवरचे गोंड, लाकूडफाटा वेचून आलेल्या बाया. तिसरं रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, आणि मी आवाज खाली आणला. डॉक्टर जन्माचा वाईट नव्हता, म्हणालो. त्याला एक भाऊ होता. दोघं खाणीत कामाला होते. छत बसलं. भाऊ आत रडत होता, हाका मारत होता. लोकांनी खणलं, मग सोडून दिलं. डॉक्टर वर आला तर बाजार भरलेला, लख्ख ऊन पडलेलं, आणि बायका वांगी निवडत होत्या.

मग चौथं रीळ लागलं, डॉक्टरने डोळ्यांवर हात धरला, आणि बायकांच्या बाजूने एक लांब सुस्कारा आला. एकाच वेळी शंभर छातींतून निघाल्यासारखा. एक गोंड म्हातारी पुढच्या माणसाला म्हणाली, "त्याले ऊन सहनच होत नाई. पाह ना." शेवटी वैमानिकाने डॉक्टरला ढकललं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. खेळ संपला तरी लोक उठेनात. एकाने विचारलं, "मास्तर, मग भावाले काढलं का नाई कोनी?"

त्या खेळाचा मला आजही अभिमान आहे. खोटं कशाला बोलू? सबंध तंबू मी एका वाक्यावर उभा करून दाखवला होता. नत्थूभाऊंनी मला मिठी मारली.

राजन्ना मशीनपाशी पाठ करून उभा होता. त्याने सहाही रिळं बिनचूक चालवली होती, एकदाही पडदा थरथरला नव्हता. रिळं डब्यांत भरून तो निघून गेला. सकाळी मी चहा घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने चहा घेतला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "तू विचारलं नाई मले."

"चुकलं राजन्ना. नाव तर कुठी घेतलं नाही मी..."

"नावाचं नाई." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू सांगितलं, भाऊ रडून राह्यला होता. तो रडत नव्हता. तो ठोकत होता. तुले रडका भाऊ पाहिजे होता, म्हनून तू त्याले रडवलं."

इतक्या वर्षांत माझ्या कामावर झालेली एवढी एकच टीका मला लागली. मी म्हटलं, सिरोंच्याला ही गोष्ट सांगत नाही. जे होईल ते होवो, मी शाळेत जाईन.

राजन्नाने बांबूची गाठ सोडली. मग म्हणाला, "सिरोंच्यात माझी वदिना आहे." वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. मल्लन्नाची बायको, पोशक्का. "तिले मी सांगितलं, भाऊ जागच्या जागी गेला. काही कळलंसुद्धा नाई त्याले, असं सांगितलं. सहा वर्षं झाली."

"मग तर नकोच," मी म्हटलं.

त्याने सुटलेला दोर गुंडाळला आणि ट्रकमध्ये टाकला.

सिरोंच्याला पोचलो तर तंबूपुढे जत्रा लोटलेली. आणि एक अडचण मी विसरलोच होतो: तिथल्या प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त तेलुगू बोलणारे. दरवर्षी तिथला एक कापडवाला माझ्याशेजारी बसून मी सांगितलेलं तेलुगूत सांगायचा. त्या वर्षी तो तापाने पडला होता. नत्थूभाऊ धावपळ करू लागले. तेव्हा राजन्ना पुढे आला.

"मी बोलतो," तो म्हणाला. "मास्तर मशीन पाहील."

मशीन मी शिकलो होतो, पण हात साफ नव्हता. मी त्याला बाजूला घेतलं. "राजन्ना, सोन्याची गोष्ट सांग. पोरीची सांग. हसू दे लोकांना."

"पाहू," तो म्हणाला आणि भोंग्याकडे गेला.

महाशिवरात्रीचा खेळ. दिवेलागण झाली आणि तंबू गच्च भरला. बायकांच्या बाजूला, बांबूला टेकून, हिरव्या लुगड्यातली एक उंच बाई बसली होती. राजन्नाने मला आधीच तिच्याकडे बोट करून दाखवलं होतं. पोशक्का. दीर तंबूवर आला की ती दरवर्षी येत असे. त्याने पाठवलेल्या पासावर आत बसणारी ती एकटीच बाई, त्याचा तिला अभिमान होता म्हणे.

तिसरं रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. मी चौथं रीळ चढवायला घेतलं. फिल्म दात्यांवर बसेना. आणि राजन्ना बोलू लागला.

माझं तेलुगू बाजारात भाजी घेण्यापुरतं. पण राजन्ना सावकाश बोलत होता, आणि गोष्ट मला ठाऊक होती. सोन्याची नव्हती. पोरीचीही नव्हती. डॉक्टरचा भाऊ, खाण, बसलेलं छत. ठोकणं. तो 'वच्चिंडु, वच्चिंडु' म्हणत होता, म्हणजे 'तो आला, तो आला'. डॉक्टर खणायला आला, पुन्हा आला, दुसऱ्या दिवशी आला. मग राजन्ना थांबला. इंजनाचा धडधडाट तेवढा ऐकू येत होता. मग तो पुढचं वाक्य बोलला आणि त्याने शेवटचं अक्षर बदललं. 'वच्चिन' म्हणाला. 'मी आलो.'

चौथ्या दिवशी पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तो सांगत होता. वरून हुकूम आला, बाहेर या. ठोकणं थांबलं नव्हतं. मला त्याने रेतीवर ते दुसऱ्या दिवशीच थांबल्याचं सांगितलं होतं. ठोकणं चालूच होतं. दगडाच्या पलीकडून येत होतं. आणि मी वर आलो. बाकीचे आले, मीही आलो. वर ऊन होतं. त्या उन्हात मी उभा राहिलो. मग मला वाटलं, हे विझावं, म्हणजे मी इथे उभा आहे ते कुणाला दिसणार नाही.

डॉक्टरने सूर्य का गिळला, याचं याहून खरं कारण ना मला सापडलं असतं, ना सिनेमा बनवणाऱ्यांना. आणि ते सांगणारा माणूस भोंगा खाली ठेवून, तंबूच्या कनातीला धरून उभा होता.

कशी कोण जाणे, फिल्म बसली. मी चौथं रीळ सुरू केलं. डॉक्टरने डोळ्यांवर हात धरला तेव्हा तंबूत एकही आवाज आला नाही. मी पोशक्काकडे पाहत होतो. ती उठली नाही, रडली नाही. शेवटच्या रिळापर्यंत बांबूला टेकून बसली आणि खेळ संपल्यावर गर्दीबरोबर निघून गेली. दिराकडे वळूनही पाहिलं नाही.

लोक मात्र जाईनात. कितीतरी जण राजन्नाजवळ आले. त्याच्या हाताला हात लावून गेले. पैलतीरावरच्या एका वृद्ध कोळ्याने त्याला विचारलं, "खाणीचं नाव काय, बाबा?" राजन्नाने सांगितलं. म्हातारा म्हणाला, "माझा मेहुणा तिथेच गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि राजन्ना तंबूचे दोर आवळत होतो तेव्हा पोशक्का आली. तेच हिरवं लुगडं. तिला मराठी येत होतं, पण ती तेलुगूत बोलली, आणि ते बोलणं राजन्नाने मला नंतर शब्दाशब्दाने सांगितलं.

"आज अमावास्या," ती म्हणाली. "सहा वर्षं मी आजच्या दिवशी त्याचं पान वाढते. छत बसलं ती अमावास्या होती. तूच येऊन सांगितलंस, त्याच दिवशी गेला."

राजन्नाने मान हलवली.

"मग सहा वर्षं मी चुकीच्या दिवशी वाढलं. जिवंत माणसाचं." तिचा आवाज चढला नाही. "त्याला दगडाखाली तहान लागलेली असताना मी इथे कावळ्याला घास ठेवत होते. आज मी चूल पेटवलेली नाही. सांग, कधी वाढू?"

"मला माहीत नाही, वदिना," राजन्ना म्हणाला. "मी वर आलो तोपर्यंत तो होता."

"तू वर कधी आलास?"

"चौथ्या दिवशी. उन्हं कलताना."

पोशक्काने बोटांवर मोजलं. "तृतीया," ती म्हणाली. "तू वर आलास तोच त्याचा दिवस. त्यानंतर त्याचं कुणी नव्हतं."

एवढं बोलून ती गेली. राजन्ना तिथेच मातीत बसला, आणि मी त्याच्याशेजारी बसलो. या वेळी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची अक्कल मला आली.

पुढचे दोन दिवस आमचा तंबू भरून वाहत होता. नत्थूभाऊंना वाटलं, राजन्नाने रोज तेच सांगावं. मी पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. उरलेले खेळ मी केले, मोडक्यातोडक्या तेलुगूत, आणि डॉक्टरला एवढंच कारण दिलं की त्याच्या हातून आपलं माणूस अंधारात सुटलं होतं आणि तो उजेडाला तोंड दाखवू शकत नव्हता. कुठली खाण, कुठला भाऊ, काही नाही. तेवढं पुरलं. पुढे दोन मोसम हा सिनेमा आम्ही चालवला. एकाही गावाने 'काऊन' म्हणून विचारलं नाही.

राजन्ना त्या मुक्कामानंतर आमच्याबरोबर आला नाही. तो सिरोंच्यातच राहिला, पाण्याच्या इंजनांची दुरुस्ती करू लागला. मशीन माझ्या अंगावर आलं, आणि बोलायचं आणि रीळ बदलायचं दोन्ही मीच करू लागलो. दोन्ही जेमतेमच जमलं. त्याच्यासारखा जोड मला कधी देता आला नाही. मी त्याची गोष्ट उचलली, म्हणून तो बोलता झाला की उघडा पडला, हे मला नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं. त्याने मला कधी दोष दिला नाही, पण आभारही मानले नाहीत. ते बरोबरच केलं त्याने.

त्याच मुक्कामात, तृतीयेच्या दिवशी, पोशक्काने आम्हाला दोघांना बोलावलं होतं. नदीच्या काठी सावलीत चूल मांडली होती. भात, आंबट वरण, मासळीचं कालवण, मल्लन्नाला आवडायचं ते. तिने पान वाढून नदीकडे नेऊन ठेवलं आणि आम्ही कावळा शिवण्याची वाट पाहत बसलो. राजन्ना खाली मान घालून बसला होता. अमावास्येच्या सकाळनंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

मग तिने विचारलं. या वेळी मराठीत, मला कळावं म्हणून असेल.

"तो ठोकत होता, ते कसं? लवकर लवकर का थांबून थांबून?"

राजन्नाने आठवलं. डोळे मिटून, बोटाने रेतीवर हळूच ठोकून पाहिलं. तीन वेळा. थांबला. पुन्हा तीन वेळा.

"असं," तो म्हणाला. "सारखं असंच. शेवटपर्यंत."

पोशक्का त्याच्या बोटाकडे पाहत राहिली.

"मग घाबरला नव्हता," ती म्हणाली, आणि भाताचं भांडं उचलून पहिली वाढ राजन्नाच्या पानात केली.